जुन्या झेनमध्ये एस्टीमचे इंजिन बसवावे का?

आंबाघाट_प्रवासी: माझ्याकडे १९९८ ची कार्ब्युरेटर (पेट्रोल हवेत मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग) असलेली मारुती झेन आहे. कोल्हापूर-रत्नागिरी जाणे-येणे नेहमीचे असून, चार माणसे आणि सामान घेऊन आंबा घाट चढताना तिचे ९९३ सीसीचे, सुमारे ५० अश्वशक्तीचे इंजिन आता फार दमते. आमच्या मेकॅनिकच्या म्हणण्यानुसार एस्टीमचे १२९८ सीसीचे, १६ व्हॉल्व्हचे, ८५ अश्वशक्तीचे इंजिन तिच्यात फारशी कापाकापी न करता बसते. हे कितपत खरे आहे, आणि आरसीचे (नोंदणी प्रमाणपत्राचे) काय करावे लागते?

मिरजेचा_फिटर: मेकॅनिक खोटे सांगत नाहीत. दोन्ही इंजिने सुझुकीच्या जी मालिकेतील असून दोन्हींचे ब्लॉक ॲल्युमिनियमचे आहेत, त्यामुळे पुढचे वजनही बेसुमार वाढत नाही. खरे काम इंजिन बसल्यावर सुरू होते. तुमच्या गाडीचा यांत्रिक पेट्रोल पंप कार्ब्युरेटरपुरता अगदी कमी दाब देतो. एस्टीमच्या या इंजेक्शनच्या (पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या) इंजिनाला मात्र तीन बारच्या आसपास दाब लागत असल्यामुळे विजेवर चालणारा पंप आणि तो दाब सोसणाऱ्या नळ्या नव्याने टाकाव्या लागतात. ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक), सेन्सर आणि वायरिंग हे सर्व एकाच एस्टीममधून उतरवून घ्यावे. दोन गाड्यांच्या वायरी तोडून, वर चिकटपट्टी गुंडाळून केलेली जोडणी पावसाळ्यात दगा देते, आणि दोष शोधणाऱ्याची दिवाळी होते.

उतारावरचा_विचार: चढाची चिंता झाली, उताराचे काय? वेग दीडपट झाला की थांबवण्याची ऊर्जा सव्वादोन पट होते आणि ती सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्येच उतरते. मागे ड्रम आणि टायर मूळचेच ठेवून केवळ इंजिन वाढवणे मला तरी अर्धवट काम वाटते. हा खर्च मेकॅनिकने सांगितलेल्या आकड्यात धरला आहे का, ते आधी विचारा.

आरसी_वाचक: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीतील तपशील उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही; सीएनजी, एलपीजी यांसारख्या इंधनबदलाला तेवढी सवलत आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. शिवाय तुमच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते, म्हणजे पुढची पाळी २०२८ ची. तेव्हा इंजिन क्रमांक आणि सीसी आरसीशी जुळवून पाहिले, तर उत्तर काय देणार? झीज झाली म्हणून त्याच प्रकारचे इंजिन आरटीओच्या मंजुरीने बदलणे ही वेगळी बाब आहे आणि तोच मार्ग मी सुचवेन.

आंबाघाट_प्रवासी: सर्वांचे आभार. मग सध्याचे इंजिन मुळातच दुबळे की झिजलेले, हे कसे ओळखावे?

मिरजेचा_फिटर: इंजिन गरम करून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजून घ्या. एखाद्यात कमी भरले, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे लागेल.