मदत हवी आहे: बंद पट्ट्याची पहिली वर्षं लोक काढतात कशी?

मंडळी जरा मदत करा. मच्छीमारांनी स्वतःच ठरवून समुद्राचा एखादा पट्टा मासेमारीला बंद ठेवायचा, यावर सध्या वाचतोय आणि एका ठिकाणी अडकलोय. फायदा होतो हे पटलंय, मेक्सिकोतल्या काबो पुल्मोला स्थानिक लोकच मागे लागले आणि १९९५ मध्ये नॅशनल पार्क झालं, मग १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन चारशे टक्क्यांहून जास्त वाढलं. फिलिपिन्सच्या आपो बेटावर तर पट्टा अगदीच छोटा, पण आतले मासे मोठे होऊन बाहेर येतात आणि कडेला गळ टाकणाऱ्यांनाच मिळतात, शिवाय मोठी मादी अंडी कितीतरी जास्त घालते.

पण हे सगळं व्हायला वर्षं लागतात ना! तोपर्यंत ज्याचं घर रोजच्या जाळ्यावर चालतं त्याने काय करायचं? काबो पुल्मोत लोक डायव्हिंग, टुरिझमकडे वळले, पण प्रत्येक किनाऱ्यावर टुरिस्ट थोडीच येणारेत (आणि आले तर त्यांचाही त्रास असतोच). दुसरं म्हणजे राखण. गावाने नियम पाळले आणि रात्री बाहेरचा ट्रॉलर येऊन सगळं ओढून घेऊन गेला तर लोकांचा विश्वास लगेच उडणार, मग गस्तीच्या बोटीचं डिझेल कोण भरतं, आणि पकडलं तरी दंड करायचा अधिकार गावाला असतो का?

कोणी अशा ठिकाणी काम केलंय का? कायमचा बंद बरा की काही महिन्यांचा, तेही सांगा प्लीज.