प्रतिसाद: शैली ओळखून शिकवावं का?

वर एकांनी लिहिलंय की मुलाची शिकण्याची शैली 'दृश्य' (बघून शिकणारं) की 'श्राव्य' (ऐकून शिकणारं) हे आधी ओळखा आणि त्याला तसंच शिकवा. मला हे अजिबात पटत नाही. 2008 साली मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याचा फायदा होतो याला पुरेसा पुरावा सापडला नाही. शैली ही आवड झाली. आपल्याला नेमकं काय कळलंय याचं भान, म्हणजे मेटाकॉग्निशन, ही निराळी गोष्ट.

माझी भाची रत्नागिरीत मत्स्यविज्ञान शिकते. रंगीत आकृत्या पाहूनच समजतं, असं ती म्हणायची. एकदा वही मिटून तिला माशाचं रक्ताभिसरण कोऱ्या कागदावर काढायला लावलं. हृदयापासून कल्ल्यांपर्यंत बाण झकास! पुढे मात्र तिने रक्त परत हृदयाकडे वळवलं, माणसात फुप्फुसांतून येतं तसं. माशात ते कल्ल्यांतून थेट शरीरभर जातं. इतक्या वेळा पाहिलेली आकृती, पण चूक कागदावर उतरल्यावरच तिला दिसली.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगातही पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना खात्री जास्त होती, पण आठवड्याने जास्त आठवलं ते न बघता आठवून लिहिणाऱ्यांना. कॉलेजांनी शैलीच्या प्रश्नावल्या भरून घेण्यापेक्षा प्रत्येक तासाला शेवटची पाच मिनिटं असं न बघता आठवून लिहिण्यासाठी द्यावीत.