शेजाऱ्याचं उंच कुंपण आणि कायदा : तुमचे अनुभव लिहा

इंग्लंडात घर घेतलेल्या आपल्यापैकी अनेकांना लेलँडीचा त्रास झालाय. वर्षाला जवळपास मीटरभर वाढणारं हे झाड रांगेत लावलं की थोड्याच वर्षांत ऊन अडतं. कोणाचं बोलून मिटलं, कोण कौन्सिलकडे (तिथल्या पालिकेकडे) गेलं, सविस्तर लिहा. नव्याने घर घेणाऱ्यांना फार उपयोग होईल.

रेडिंगहून
धागा काढलात ते बरं केलंत. आमच्या स्वयंपाकघरात दुपारीही दिवा लावावा लागायचा. शेजारी 'बघू' म्हणत राहिले, तेव्हा पत्र लिहिलं आणि प्रत जपून ठेवली. आधी आपसात मिटवायचा प्रयत्न केला नसेल, तर कौन्सिल तक्रार ऐकायलाच नकार देऊ शकते.

उंच कुंपणाबद्दल कौन्सिलकडे तक्रार करायची 2003 च्या कायद्यातली तरतूद इंग्लंडात जून 2005 पासून लागू आहे. 2 मीटरहून उंच आणि मुख्यतः सदाहरित झाडांची रांग हवी. एकटं झाड चालत नाही. तक्रारीची फी काहीशे पौंड, कौन्सिलनुसार वेगळी. अधिकारी बाई आल्या, खिडकीपासूनचं अंतर, बागेची खोली, उत्तर दिशा, सगळं टिपून गेल्या. नोटीस निघाली, पण कुंपण टप्प्याटप्प्याने उतरवायचं होतं, कारण लेलँडी जुन्या तपकिरी लाकडापर्यंत छाटलं की पुन्हा फुटत नाही. 2 मीटरच्या खाली आणायला किंवा झाडं मुळासकट काढायला कौन्सिल सांगूच शकत नाही, ही अपेक्षा ठेवूनच जा.

ब्रिस्टलहून
आमचं दुःख उन्हाचं नाही, दरीच्या देखाव्याचं. त्यासाठीच हे घर घेतलं होतं. वकिलांनी पहिल्याच भेटीत 1610 च्या ऑल्ड्रेड खटल्याचं सांगितलं: देखावा ही आनंदाची बाब, गरजेची नव्हे, त्यासाठी दावा करता येत नाही. शिवाय कुंपण बीच झाडांचं, म्हणजे पानगळीचं. 2003 च्या कायद्याचाही आधार नाही. खूप वाईट वाटलं.

ग्लासगोहून
ब्रिस्टलकर, स्कॉटलंडात 2013 चा वेगळा कायदा आहे, त्यात पानगळीची झाडंही येतात. आमचं मात्र छाटणीचा अर्धा खर्च उचलतो म्हटल्यावर लगेच मिटलं.

पुण्याहून
इथेही देखाव्याला संरक्षण नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने 20 वर्षं विनाअडथळा मिळालेल्या उजेड-वाऱ्याचा हक्क मिळतो, तोही इमारतीला, अंगणाला नाही. शेजारच्या काकांची उंच अशोकाची रांग होती. ते छाटायला तयार झाले, तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागला. परवानगीशिवाय कोयता लावू नका, 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

धागाकर्ती
रेडिंगकर, शेजाऱ्यांनी घर विकलं तर नोटिशीचं काय?

रेडिंगहून
ताई, ती जमिनीच्या स्थानिक नोंदीत चढते आणि नव्या मालकालाही बांधते. न पाळल्यास 1000 पौंडांपर्यंत दंड. घर घेताना सॉलिसिटरला हे नक्की तपासायला सांगा.