रचनेसाठी आवडलेले उंची फाउंटन पेन: आपली निवड कोणती आणि का?

बोरू

नमस्कार. गेली बारा वर्षे मी उंची फाउंटन पेने जमवत आलो आहे. पेन घेताना ज्या गोष्टीवर नजर खिळते आणि ते रोज हातात येऊ लागल्यावर ज्या गोष्टीमुळे त्याचा लळा लागतो, त्या दोन गोष्टी बहुधा वेगळ्या असतात, असे मला या काळात जाणवले. म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटते की किंमत, दुर्मीळपणा आणि नाव बाजूला ठेवले, तर निव्वळ रचनेसाठी आपल्या संग्रहातील कोणते पेन आपल्याला सर्वांत प्रिय आहे, आणि त्यातला नेमका कोणता तपशील?

माझी निवड पेलिकन या जर्मन कंपनीचे एम ८००, हिरव्या पट्ट्यांचे. हे पेन १९८७ साली आले, पण त्याचा उभ्या पट्ट्यांचा पोशाख त्याहून बराच जुना आहे. हे पट्टे म्हणजे केवळ शोभा, असे मी पहिली दोन वर्षे धरून चाललो होतो. एका संध्याकाळी लिहिताना रेघ फिकट पडू लागली म्हणून पेन दिव्यासमोर धरले, तेव्हा पट्ट्यांच्या मधून उजेड आरपार आला आणि तळाशी उरलेली शाई दिसली. पेन तिरके केले की तिची सावली सावकाश निबकडे सरकत होती. दट्ट्याने थेट नळीत शाई ओढण्याची योजना पेलिकनने १९२९ सालच्या आपल्या पहिल्याच फाउंटन पेनात आणली होती. असे पेन म्हटले की किती शाई उरली हे कळण्यासाठी खिडकी लागतेच, आणि इथे ती खिडकीच पेनाचे वस्त्र झाली आहे. क्लिप पक्ष्याच्या चोचीच्या आकाराची आहे, आणि चोचीचा तो बाक कापडावर सहज चढतो.

सजावट आणि उपयोग असे एकजीव झालेली आणखी उदाहरणे वाचायला आवडतील.

टीपकागद

बोरू, आपला प्रश्न वाचून मी लाखेचे पेन समोर घेऊनच लिहायला बसले. माझी निवड जपानी उरुशी लाखेचे, नाकाया या जपानी कंपनीचे तामेनुरी पद्धतीचे पेन. लाखकाम म्हणजे निव्वळ सजावट, असे अनेकांना वाटते, पण पेनांवर ते आले ते एका दोषावर उपाय म्हणून. त्या काळी उत्तम पेने एबोनाइटची, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराची असत, आणि ऊन व ओलावा लागला की एबोनाइटची चकाकी जाऊन ते तपकिरी पडत असे. १९१८ साली नामिकी नावाने सुरू झालेल्या आणि पुढे पायलट या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने त्यावर लाखेचा थर चढवायला घेतला. सोन्याची भुकटी शिंपडून चित्र काढण्याची माकी-ए कला त्याच थरावर बसली आणि १९३० साली डनहिल या ब्रिटिश कंपनीशी झालेल्या करारामुळे ती पेने पाश्चात्त्य संग्राहकांपर्यंत पोहोचली. थोडक्यात, आधी संरक्षण आले आणि मागाहून शोभा आली.

उरुशी हा एका झाडाचा चीक आहे आणि तो आपण समजतो तसा वाळत नाही. तो घट्ट व्हायला दमट, उबदार हवा लागते, म्हणून कारागीर लाख लावलेले पेन दमट कपाटात ठेवतात, मग घासून पुढचा थर देतात, आणि असे कितीतरी थर चढतात. तामेनुरीत खाली लाल थर असतो आणि वर मधासारख्या तपकिरी, पारदर्शक लाखेचे थर असतात. टोपणाच्या कडेवर किंवा आट्यांजवळच्या धारेवर हा वरचा थर आपोआप पातळ होतो, त्यामुळे तिथे तांबूस रेषा उमटते, जणू आतून निखारा दिसावा. मी पेन घेतले तेव्हा ते जवळजवळ काळेच दिसत होते. उरुशी वर्षानुवर्षे अधिक पारदर्शक होत जाते, त्यामुळे आज सहा वर्षांनी टोपणाची कड सरळ लाल दिसते आणि नळीवरही लाली चढू लागली आहे. हे पेन माझ्या हाताखाली बदलत गेले, हाच त्याचा मला सर्वांत आवडणारा गुण.

उठावदार माकी-एबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. त्यात चित्र पृष्ठभागाच्या वर येते आणि ते झिजेल या धास्तीने मी माझे असे एकमेव पेन लिहायला काढत नाही. तोगिदाशी पद्धत मला अधिक पटते. तिच्यात भुकटीवर पुन्हा लाख चढवतात आणि चित्र पुन्हा दिसेपर्यंत ती घासतात, त्यामुळे बोट फिरवले तर चित्र कुठे सुरू झाले ते कळतही नाही.

दौत

मी उलट दिशेने जातो. माझ्या मते उंची पेनाची सर्वांत धाडसी रचना म्हणजे पार्कर ५१, कारण तिने सोन्याची निब झाकून टाकली. इतर पेनांत निब हे मिरवण्याचे ठिकाण असते. मॉन्ट ब्लांक १४९ पाहा, १९५२ पासूनचे हे पेन टोपण काढताच आपली मोठी निब पुढे करते आणि तिच्यावर त्याच नावाच्या पर्वताची ४८१० ही मीटरमधली उंची कोरलेली असते. मला ते पेनही आवडते, पण त्याचा डौल पाहणाऱ्यासाठी आहे.

१९४१ साली बाजारात आलेल्या ५१ मध्ये निबचे केवळ टोक बाहेर डोकावते. बाकीची निब ल्यूसाइटच्या, म्हणजे एका अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकच्या, कवचात असते आणि तिच्या भोवती बारीक पाकळ्यांचे एक शाईधारक असते, जे जास्तीची शाई धरून ठेवते. त्याचा लाभ लिहिताना कळतो. वाक्य अर्धवट सोडून विचार करत बसलो, तरी उघड्या निबसारखी तिची शाई चटकन सुकत नाही, कारण हवा लागते ती फक्त टोकाला. कवचासाठी ल्यूसाइट का, यालाही कारण आहे. या पेनासाठी केलेली झटपट सुकणारी शाई इतकी तीव्र अल्कधर्मी होती की तिच्यापुढे सेल्युलॉइड हे जुन्या पेनांचे प्लास्टिक टिकले नसते. कंपनीचे ५१ वे वर्ष म्हणून नाव ५१ ठेवले, त्यामुळे भाषा बदलली तरी नाव बदलावे लागले नाही, हेही मला रचनेचाच भाग वाटते.

याच विचाराचे पुढचे पाऊल म्हणजे १९६६ सालचे लामी २०००. गेर्ड आल्फ्रेड म्युलर यांनी त्यात काचतंतू मिसळलेले पॉलिकार्बोनेट आणि घासून मंद केलेले पोलाद वापरले. दट्ट्याची घुंडी नळीशी इतकी घट्ट मिळते की माझ्या एका पाहुण्याने शाई कुठून भरायची म्हणून पेन चार वेळा उलटसुलट केले. हे उंची पेन म्हणावे की नाही याबद्दल वाद होईल, तरीही माझ्या कपाटातल्या कितीतरी महाग पेनांपेक्षा यावर अधिक विचार झाला आहे.

निळी शाई

उत्तर थोडक्यात देते. मॉन्ट ब्लांकच्या १९९३ सालच्या अगाथा क्रिस्टी आवृत्तीची क्लिप. टोपणावरून उतरणारा चांदीचा साप आणि त्याचे माणकांचे डोळे. काळ्या अंगावर दुसरे काहीही नाही, आणि जो एकच अलंकार आहे त्याला क्लिपचे काम दिले आहे. बोरू यांच्या प्रश्नाला मला एवढेच उदाहरण पुरेसे वाटते.

बोरू

सर्वांचे मनापासून आभार. टीपकागद, आपण सांगितलेली कडेची लाली मी उद्या माझ्या पेनावर नक्की न्याहाळून पाहीन. दौत, झाकलेल्या निबकडे मी आजवर उणीव म्हणूनच पाहत होतो, ते मत आता बदलावे लागेल.

एक उपप्रश्न आहे. ओमास या इटालियन कंपनीचे बारा पैलूंचे सेल्युलॉइडचे पेन मला मिळण्याची शक्यता आहे. कंपनी २०१६ साली बंद झाल्यामुळे सुटे भाग सहज मिळणार नाहीत, हे ठाऊक आहे. घेताना काय पाहावे आणि पुढे ते कसे सांभाळावे?

झरणी

बोरू, माझ्याकडे अशी दोन पेने आहेत, म्हणून अनुभवाने सांगतो. टोपण लावून पैलू पाहा. ते फिरत फिरत घट्ट होते आणि थांबते, त्या क्षणी त्याचे पैलू नळीच्या पैलूंशी सरळ रेषेत आले पाहिजेत. आटे नेमक्या जागी सुरू झाले तरच हे साधते आणि आटे झिजले की हे प्रथम बिघडते. पेन टेबलावर ठेवून पाहा. ते पैलूवर थांबते, घरंगळत नाही, म्हणजे ती बारा बाजूंची शोभाही उपयोगी पडते. बोलोन्याच्या आर्मांदो सिमोनी यांनी १९२५ मध्ये उभारलेल्या या कंपनीच्या रचनांतील मला सर्वांत प्रिय गोष्ट हीच आहे. आर्को प्रकार असेल तर खिडकीपाशी नेऊन हळूहळू फिरवा. वेगवेगळ्या छटांचे पातळ थर एकावर एक दाबून ते सेल्युलॉइड बनते, आणि पेन फिरते तसे कमानीसारखे पट्टे उजळतात आणि विझतात.

आता सांभाळण्याविषयी, आणि इथे कृपया हयगय करू नका. सेल्युलॉइड नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनते, म्हणून जुने टोपण उघडताच कापराचा वास येतो. ते ज्वलनशील आहे, उष्णतेने वाकते, आणि बिघडू लागले की त्यातून आम्लधर्मी वाफा निघतात. मी पूर्वी तीन पेने घट्ट बंद होणाऱ्या पेटीत ठेवली होती. त्यांतल्या एका फिकट निळ्या पेनाची प्रकृती आतून बिघडलेली होती, हे मला कळले नाही. वर्षभराने पेटी उघडली, तर त्याच्या टोपणाची कडी हिरवी पडली होती आणि शेजारच्या मोतिया पेनावर पिवळट झाक आली होती, जी आजतागायत गेलेली नाही. तेव्हापासून माझी सर्व सेल्युलॉइडची पेने हवा खेळती राहील अशा कप्प्यात, एकमेकांपासून अंतर राखून असतात.

आणखी एक. आत रबरी शाईपिशवी असलेली जुनी पेने जवळ ठेवू नका आणि अशा पिशवीचे पेन फिकट रंगाचे असेल तर विकत घेताना नळी आणि टोपण शेजारी धरून पाहा. रबरातल्या गंधकाच्या वाफांनी नळी काळवंडते, टोपण मात्र मूळ रंगाचे राहते, त्यामुळे फरक लगेच लक्षात येतो. धुताना कोमट नव्हे, साधे पाणी घ्या आणि स्पिरिट तर चुकूनही लावू नका.

निब तपासताना शाई भरून लिहून पाहा. काही कारणाने विक्रेता शाई भरू देत नसेल, तर भिंगातून टोकाची दोन्ही पाती समान उंचीवर आहेत का आणि मधली फट टोकाकडे निमुळती होत जाते का, एवढे तरी पाहून घ्या.

बोरू

झरणी, आपण सांगितलेले सगळे टिपून घेतले आहे. पेन पुढच्या आठवड्यात हातात येईल, त्या वेळी पैलूंची आणि कड्यांची जवळून काढलेली छायाचित्रे इथे टाकीन. आपण आणि दौत यांनी ती पाहून मत द्यावे, ही विनंती.