अँटीव्हायरसची मुदत संपल्यावर नुसत्या डिफेंडरवर भागेल का?

सदाफुली:
विंडोज ११ चा लॅपटॉप, घरगुती वापर. विकतच्या अँटीव्हायरसची मुदत संपत आलीय. पैसे न भरता विंडोजमध्येच येणाऱ्या नुसत्या डिफेंडरवर भागेल का? तो आपोआप सुरू होतो, की आपणच करायचा?

कडीकोयंडा:
भागेल, आणि जुना नीट निघाला की तो आपोआप सुरू होतो. पण मुदत संपलेला तसाच ठेवू नका. दुसऱ्या अँटीव्हायरसची विंडोजकडे नोंद असली की डिफेंडर बाजूला होतो. जुना अर्धवट निघाला तर कधीकधी नोंद मागे राहते आणि राखणीला कुणीच नसतं.

आधी सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल, मग त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल, मग रीस्टार्ट. त्यानंतर पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या कमांड लिहायच्या खिडकीत, गेट-एमपीकॉम्प्युटरस्टेटस चालवा. एएमरनिंगमोडपुढे नॉर्मल आणि रिअलटाइमप्रोटेक्शनएनेबल्डपुढे ट्रू हवं. शंका उरली तर तिथेच अॅडमिन म्हणून एफएलटीएमसी चालवा; फाइलींवर नजर ठेवणाऱ्या ड्रायव्हरांची यादी क्रमांकासह दिसते. डब्ल्यूडीफिल्टर, ३२८०१०, हा डिफेंडरचा ड्रायव्हर. ३२०००० ते ३२९९९८ या अँटीव्हायरसच्या पट्ट्यात दुसरं नाव दिसलं तर जुन्याचा ड्रायव्हर बहुधा अजून बसलेला आहे.

नदीकाठ:
मुदत संपल्याची सूचना कुणी आणि कशी दाखवायची, यावर मोठं भांडण झालंय. रशियन अँटीव्हायरस कंपनी कॅस्परस्कीने २०१६ मध्ये रशियात आणि २०१७ मध्ये युरोपीय आयोगाकडे मायक्रोसॉफ्टची तक्रार केली. ऑगस्ट २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट नमलं: कंपन्यांना मुदतीआधी आणि नंतरही स्वतःच्या सूचना दाखवायची मुभा मिळाली, आणि विंडोजची सूचना वापरणारा निवड करेपर्यंत पडद्यावर टिकेल असं ठरलं. तक्रारी मागे घेतल्या गेल्या. क्विक हील असो की कॅस्परस्की, दरवर्षीच्या नूतनीकरणावर पोट असलं की सूचनेच्या त्या एका चौकटीला भाव येणारच!

कडीकोयंडा:
खरंय. पण डिफेंडर फुकट आहे म्हणून सगळं सुरू असतं असंही नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरविरुद्धचा कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस मुळात बंद असतो. तो अनोळखी अॅपना महत्त्वाच्या फोल्डरमध्ये बदल करू देत नाही. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन इथे चालू करा. मग एखादं हिशेबाचं सॉफ्टवेअर डॉक्युमेंट्समध्ये फाइल सेव्ह करेनासं होईल. ते अॅलाऊ अॅन अॅपमधून जोडायचं. वैतागून पूर्ण संरक्षण बंद करणारेच जास्त.

सदाफुली:
आणि क्रोममधल्या फसव्या साइट्स?

नदीकाठ:
मायक्रोसॉफ्टच्या स्मार्टस्क्रीनची साइट-तपासणी एज ब्राउझरपुरती. क्रोमला गूगलचं सेफ ब्राउझिंग आहे, त्यात एन्हान्स्ड निवडा. फक्त तेवढ्यासाठी विकतचा पॅक घ्यायची गरज नाही. लॅपटॉप बराच काळ नेटविना राहून पेनड्राइव्हवरच चालत असेल तर मात्र विचार करा. डिफेंडरची बरीच पारख क्लाउडवर, म्हणजे नेटवरून, होते.