रेडान, केप, बियारित्झ: पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोल्फ होलांना मराठीत काय म्हणावं?

माणकुराद, म्हापसा

मंडळी, एका शब्दासाठी धागा काढते आहे. मी संगणकावर गोल्फचे कोर्स रचते. पीजीए टूर २के२३ सारख्या खेळांत ती सोय असते. जमीन उचलायची, ओहोळ वळवायचा, ग्रीनला (झेंडा रोवलेल्या बारीक गवताच्या जागेला) कल द्यायचा, झाडं लावायची, आणि मग कुठले कुठले लोक येऊन त्यावर खेळतात. आता कोर्सची माहिती मराठीतूनही लिहायला घेतली आहे आणि तिथेच अडलं.

गोल्फमध्ये काही होलं (कोर्सचे टप्पे, पहिल्या फटक्यापासून ग्रीनपर्यंत) एका ठिकाणी जन्मली आणि नंतर जागोजागी पुन्हा बांधली गेली. रेडान, ईडन, आल्प्स, केप, बियारित्झ, पंचबोल. प्रत्येक रचनाकाराची यातली दोन-तीन लाडकी असतात. माझ्या कोर्समध्ये एक रेडान असतंच. ते नसलं तर कोर्स पुरा झालासं वाटत नाही.

या सगळ्या जातीला मिळून मराठीत एक शब्द हवा. 'साचा' लिहून पाहिला. पण साच्यातून काढलेल्या दोन मूर्ती सारख्याच निघतात, आणि दोन रेडान कधीच सारखी नसतात. 'नमुना' म्हटलं की कापडाच्या दुकानातला तुकडा डोळ्यांपुढे येतो. 'प्रकार' फारच सैल. शिवाय एकेका होलाचं नाव तसंच ठेवायचं की मराठी करायचं, हेही सांगा.

जांभा, फोंडा

माणकुरादबाय, शब्द आपल्या घरातच आहे: चाल.

संगीत नाटकाचं जुनं पुस्तक उघडून बघा. पदाच्या वर बारीक अक्षरांत राग, ताल आणि 'चाल' छापलेली असते. चाल म्हणजे लोकांच्या कानात आधीच बसलेल्या एखाद्या गाण्याची पहिली ओळ. कधी लावणी, कधी ठुमरी, कधी कानडी पद. शब्द नवे, प्रसंग नवा, गाणारा जागा आपल्या घेणार. वळण मात्र त्या आधीच्या गाण्याचं. आणि ते कुठून घेतलं हे वरच लिहिलेलं, त्यामुळे त्यात लपवाछपवी नाही. जत्रेतल्या नाटकांवर वाढलेल्या आपल्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागू नये.

चार्ल्स ब्लेअर मॅकडॉनल्ड यांनी हेच केलं. तरुणपणी ते स्कॉटलंडला सेंट अँड्र्यूजमध्ये शिकायला होते, खेळ तिथेच अंगात मुरला. पुढे त्यांनी ब्रिटनमधली उत्तम होलं पुन्हा जाऊन पाहिली, त्यांचे नकाशे आणि मापं जमवली, आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका उभं केलं. १९११ साली ते रीतसर सुरू झालं. जमिनीची मोजणी करायला घेतलेला सेथ रेनर हा इंजिनिअर त्यांच्या हाताखाली स्वतः रचनाकार झाला. रेनरच्या बहुतेक कोर्सवर पार-३ची (तीन फटक्यांत पुरी व्हायची) चार होलं ठरलेली: रेडान, ईडन, शॉर्ट आणि बियारित्झ. जमीन दर वेळी वेगळी, चाली त्याच.

म्हणून माहितीत होलाच्या नावाखाली सरळ लिहा: 'चाल: रेडान (नॉर्थ बेरिक, होल १५)'.

व्हाळाकाठी, डिचोली

जांभाबाब, नाटकाच्या पुस्तकाची आठवण पटली. पण खेळाच्या संदर्भात 'चाल' वाचलं की आधी बुद्धिबळ आठवतं. 'त्याची चाल ओळखली' म्हटलं की डावपेच, लबाडी. माझं मत 'धाटणी'ला. 'रेडान धाटणीचं होल' हे कुणालाही लगेच कळेल.

जांभा, फोंडा

धाटणी वाईट नाही. पण धाटणी सांगते ते दिसायला कसं आहे. चाल सांगते बॉल कसा जायला हवा. माझ्या लेखी फरक इथेच आहे, म्हणून रेडान जरा उलगडून सांगतो.

मूळ होल स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिकमध्ये, साधारण १९० यार्डांचं. ग्रीन तुमच्याकडे तोंड करून बसलेलं नाही. ते तिरकं पडलं आहे, पुढचा उजवा कोपरा उंच आणि तिथून डावीकडे मागे उतरत गेलेलं. पुढे डाव्या अंगाला खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. झेंडा मागे डावीकडे असला तर सरळ त्याच्यावर मारायचा मोह होतो, आणि सरळ मारलेला बॉल एक तर बंकरात जातो नाही तर उतारावरून मागे निसटतो. जाणता खेळाडू ग्रीनच्या उजव्या खांद्यावर, म्हणजे त्या उंच कोपऱ्यावर, बॉल टेकवतो आणि जमिनीला तो वळवू देतो. बॉल टेकतो, क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, मग डावीकडे झुकून झेंड्याकडे धावत सुटतो.

आता हेच होल वाळूत बांधा, जांभ्यावर बांधा, बंकराऐवजी दगडी गडगा घाला. रूप बदलेल, धाटणीही बदलेल. बॉलची वाट तीच राहिली तर ती रेडानच.

नावाबद्दल: क्रिमियातल्या सेबास्तोपोलच्या वेढ्यात रेडान नावाची रशियन तटबंदी होती. १८५५ साली इंग्रजांनी तिच्यावर दोनदा हल्ला केला आणि दोन्ही वेळा माघार घ्यावी लागली. त्या लढाईवरून हे नाव नॉर्थ बेरिकला पोचलं. म्हणून कुणी 'बुरूज' सुचवेल, पण तो शब्द इथे नको. बुरूज म्हटला की आपल्याला आग्वादसारखा नाही तर शिवकाळातला गोल बुरूज आठवतो. रेडान म्हणजे दोन भिंती पुढे कोनात भिडलेल्या आणि मागची बाजू उघडी. पोर्तुगीजमध्ये त्याला रेदेंत म्हणतात आणि त्यात 'दात' दडलेला आहे. मराठीत तेवढा नेमका शब्द रुळलेला नाही. तेव्हा रेडान रेडानच असू द्या.

दर्याकडचा, काणकोण

केपबद्दल बोलायला मी मुद्दाम आलो. काबो द रामच्या आसपास वाढलेल्या माणसाला 'केप' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दोनापावलचं राज्यपालांचं निवासस्थानही काबोवरच आहे. काबो म्हणजे भूशिर, पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक.

पण गोल्फमध्ये या शब्दाचा अर्थ सरकला आहे. मॅकडॉनल्डच्या त्या कोर्सवर चौदावं होल केप. तिथे मुळात ग्रीन खाडीत घुसलेलं होतं, भूशिरासारखं. नाव ग्रीनवरून पडलं. नंतर ते ग्रीन हलवलं गेलं. त्यांचंच बर्म्युडातल्या मिड ओशन क्लबचं पाचवं होल घ्या. टीवरून, म्हणजे पहिला फटका मारतात तिथून, मँग्रोव्ह लेक तिरका ओलांडायचा. जितकं जास्त पाणी अंगावर घ्याल तितका पुढचा फटका सोपा. आज बहुतेक लोक केप म्हणतात ते या तिरक्या पाण्याला. ग्रीन कुठेही असो.

म्हणजे एका नावाखाली दोन चाली आहेत. ग्रीन पाण्यात घुसलेलं असेल तर 'काबो' म्हणा, गोव्यात तो शब्द जिवंत आहे. टीवरचं तिरकं पाणी असेल तर 'तिरकी पार'. नदीच्या फेरीबोटीचा प्रवाशी पार करतो म्हणतो, त्यातलं 'पार'. चोडणला, दिवाडीला हा शब्द रोजचा आहे.

माणकुराद, म्हापसा

देव बरें करूं, दर्याकडचे. 'काबो' आणि 'तिरकी पार' दोन्ही घेते. पण 'पार' शब्द इथे घोटाळा करील, कारण पार-३, पार-४ आधीच आहेत. 'तिरकं पाणी' ठेवू या.

जांभाबाबांच्या 'बॉलची वाट' या म्हणण्याला माझ्या कामातून पुष्टी देते. संगणकावर रेडान हुबेहूब बांधली तरी ती आपोआप रेडान होत नाही. खेळातले खेळाडू बॉल उंच उडवून थेट झेंड्यापाशी टाकतात आणि तो तिथेच चिकटतो. उजव्या खांद्याची गरजच उरत नाही. मग चित्र रेडानचं असतं आणि आत साधं पार-३. इलाज असा: ग्रीनचा कडकपणा वाढवायचा, म्हणजे थेट पडलेला बॉल उसळून मागे जातो, आणि कल खांद्यापासून मागेपर्यंत सलग ठेवायचा. कल चार टक्क्यांच्या पुढे नेला तर वेगवान ग्रीनवर बॉल थांबणंच कठीण, म्हणून मी तीनच्या आसपास खेळते आणि फक्त खांद्यावर जास्त देते. झेंड्याच्या सगळ्या जागा मागे डावीकडे ठेवल्या की खेळाडू एकदा फसतो आणि दुसऱ्यांदा खांदा शोधतो. तो खांदा शोधणारा फटका बघितला की मला फार आनंद होतो.

उलट आल्प्स. स्कॉटलंडच्या प्रेस्टविकमध्ये सतराव्या होलावर दुसरा फटका टेकडीपलीकडे, न दिसणाऱ्या ग्रीनवर मारायचा. तिथली सगळी गंमत न दिसण्यात आहे. पण बहुतेक खेळांत कॅमेरा वर नेऊन टेकडीपलीकडचं आधीच बघता येतं. म्हणून आल्प्स मी बांधत नाही. चाल उरत नाही, टेकडी तेवढी उरते.

तेव्हा व्हाळाकाठी, धाटणी शब्दही वाया जात नाही. माझ्या मते दोन्ही हवेत. दिसायला तशी पण खेळायला नाही, तिथे 'रेडानच्या धाटणीचं'. खेळायलाही तशी, तिथे 'चाल: रेडान'.

कुळागर, सत्तरी

बियारित्झला माझ्याकडून शब्द घ्या: पन्हळ.

लांबलचक ग्रीनच्या मधोमध आडवी खोलगट पट्टी, ही बियारित्झची खूण. फ्रान्समधल्या बियारित्झ गावच्या मूळ कोर्सवरचं ते होल आता अस्तित्वात नाही. येल विद्यापीठाच्या १९२६ च्या कोर्सवरचं नववं होल सध्या सगळ्यात प्रसिद्ध. ती पट्टी चांगलीच खोल.

लोक तिला 'चर' म्हणतील, पण चराच्या कडा तुटक असतात, त्यात बॉल अडकेल. कुळागरात पाणी न्यायला पोफळीचं खोड उभं चिरून आतला गाभा काढतात, त्याची होते पन्हळ. कडा गोल, तळ गोल, पाणी न अडता वाहतं. ग्रीनमधली ती पट्टी अशीच असते. बॉल एका काठावरून उतरतो, तळातून जातो आणि वेग असेल तर पलीकडे चढतो. 'पन्हळीचं ग्रीन' हे शब्द वाचताना त्याची वाट दिसते.

आणि डबल प्लेटोला, म्हणजे दोन उंच सपाट भाग असलेल्या ग्रीनला, 'दोन सड्यांचं ग्रीन'. फक्त घाटावरच्या वाचकांसाठी एक ओळ जोडा. त्यांच्याकडे सडा म्हणजे शेणाचा किंवा फुलांचा. आपल्याकडे जांभ्याचं सपाट पठार.

व्हाळाकाठी, डिचोली

पंचबोल राहिलं. ग्रीन चारी बाजूंनी उंच कडांत बसलेलं, बॉल कुठेही पडला तरी आत घरंगळतो. 'द्रोण' शोभेल. पंच या पेयाचं नाव आपल्या 'पाच'वरून गेलं असावं अशी व्युत्पत्ती कोशांत दिलेली असते, म्हणून 'पंचपात्र' सुचलं होतं. पण ते पूजेचं भांडं, उभट. आकार जुळत नाही. द्रोणच बरा.

शेताडी, पेडणे

एक विनंती. माणकुरादताई, तुमच्या एका कोर्सच्या माहितीत 'खाजनातलं होल' असं वाचलं आणि चित्रात नुसती दलदल. खाजन म्हणजे दलदल नव्हे. ती राखलेली शेतजमीन. चिखलमाती, पेंढा आणि जांभ्याचे बांध घालून खाडीचं खारं पाणी बाहेर ठेवायचं, भरतीला मानशीची (बांधातल्या पाणफाटकाची) दारं मिटायची आणि ओहोटीला उघडायची, तेव्हा आत भात पिकतं आणि माशांची पैदास होते. पिढ्यान् पिढ्यांच्या राबण्याने ती टिकली. आमच्या तालुक्यात तेरेखोलला गोल्फच्या प्रकल्पापायी कुळांना जमिनीसाठी न्यायालयात झगडावं लागलं. म्हणून गोल्फच्या पानावर हा शब्द चुकीच्या अर्थाने आलेला मला सोसत नाही. संगणकावर कुणाची जमीन जात नाही, हे मी समजतो. पण शब्द तरी नीट ठेवा.

माणकुराद, म्हापसा

शेताडी, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. त्या होलावर आता बांध काढते आहे, तिरका, मानशीसकट, आणि आत हिरवं भात. टी खाडीच्या अलीकडे. म्हणजे 'तिरकं पाणी' चालीला ते होल आपसूक बसतं: बांधाच्या जवळच्या टोकावरून गेलात तर पाणी थोडं, लांबच्या टोकावरून गेलात तर जास्त. भातात बॉल गेला की तो बाद, तिथून खेळायचं नाही. आणि माहितीत खाजनाचा अर्थ तुमच्याच शब्दांत देईन, चालेल ना?

शेताडी, पेडणे

चालेल. मानशीचं दार लाकडी दाखवा.

व्हाळाकाठी, डिचोली

शेवटचं, लिंग. सुरुवातीला माणकुरादने 'एक रेडान असतंच' लिहिलं, नंतर 'ती रेडान'. कोर्सच्या माहितीत एकच काहीतरी ठरवा.

जांभा, फोंडा

होल नपुंसक, म्हणून 'रेडानचं होल', 'ते होल'. रेडान नुसती आली तर स्त्रीलिंगी, कारण मनात 'चाल' आहे. आरसा धरल्यासारखी उजवीकडे उतरणारी असते ती 'उलटी रेडान'. बियारित्झ, केप, ईडन, सगळ्यांना हाच नियम. काबो मात्र पुल्लिंगीच राहू दे, आमच्याकडे तो तसाच बोलतात.