सिम८००एल: मेसेज जातो पण कॉल लावला की मोड्यूल रीसेट व्हायलंय, मदत हवी

राम राम मंडळी. आमची अंबडकडं मोसंबीची बाग हाये अन् विहीर घरापासून दोन किलोमीटर, रात्रपाळीच्या आठवड्यात थ्री फेज लाइट आली का बघायला अण्णा बॅटरी घेऊन अंधारात जातेत, म्हणून म्हणलं लाइट आली की फोन वाजंल असं काहीतरी करावं. आर्डुइनो ऊनो (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड) अन् सिम८००एल (सिम टाकून कॉल-मेसेज करणारं मोड्यूल) घेतलं, सप्लाय फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून बक कन्व्हर्टरनं (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) ४.१ वर सेट केलाय, सगळं सोल्डर न करता ब्रेडबोर्डवर जंपर वायरींनी जोडलंय. आधी जिओचं सिम टाकलं तर एलईडी सेकंदासेकंदाला लुकलुकतच राहिला, म्हणजे नेटवर्क सापडंना, मग कळलं हे मोड्यूल टूजीचं अन् जिओला टूजीच नाही. आता बीएसएनएल टाकलंय, तीन सेकंदाला लुकलुकतंय म्हणजे नेटवर्क मिळालं, सिग्नल विचारायच्या एटी+सीएसक्यू कमांडला १७ येतंय म्हणजे रेंज ठीक. मेसेज जातो पण कॉलला कधी नो कॅरिअर (कॉल लागलाच नाही) तर कधी डायरेक्ट रीसेट. मीटरवर बघितलं तर ४.१ जशेच्या तशे. अन् मराठीत मेसेज टाकला की नुसती प्रश्नचिन्हं. चार दिवस झाले डोकं चालंना.

उत्तर:
ते ४.१ मोड्यूल निवांत असतानाचे आहेत भाऊ. कॉल लागताना ते क्षणभर २ अँपियरपर्यंत खेचतं, साधा मीटर ते पकडत नाही. जंपरच्या त्या केसासारख्या वायरीत व्होल्टेज पडतं, ३.४ च्या खाली गेलं की खेळ खलास. बकपासून जाड वायर सोल्डर मार, मोड्यूलच्या पिनांना चिकटूनच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाक. ऊनोचे ५ व्होल्ट मोड्यूलच्या आरएक्सला (डेटा घेणारी पिन) सरळ देत असशील तर १०के-१०के रेझिस्टरचा व्होल्टेज डिव्हायडर लाव, अडीच व्होल्ट पुरतात. नो कॅरिअरचं म्हणशील तर कॉल लावायच्या एटीडी कमांडमध्ये नंबरच्या शेवटी अर्धविराम (;) आहे का? नसला तर ते डेटा कॉल समजतं. मराठीला यूसीएस२ एन्कोडिंग लागतं, एका मेसेजात १६० नाही ७०च अक्षरं बसतात.

धागाकर्ता:
दादा लागला कॉल! अर्धविराम नव्हताच, अन् कपॅसिटर टाकल्यापासून एकदाबी रीसेट नाही. मराठीचं राहू दिलं, अण्णा म्हणले मेसेज कोण वाचत बसतंय, रिंग वाजली की समजंल, उचलायचाबी नाही. आता २० सेकंदानं एटीएच कमांड देऊन कॉल कापायलोय, तेवढ्यात म्हातारा माणूस उठंल ना?